पडलेल्या वेलांट्या

मागच्या मे महिन्यात माझ्या फोननं आपल्या मनानं एका गिऱ्हाइकाला फोन लावला.

दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर पारा ४५ च्या वर, आणि त्या वेळी नागपुरातला शहाणा माणूस जे करतो तेच मी करत होतो: कूलरसमोर सतरंजीवर आडवा. फोन उशाशी. कूलरचं गवत सकाळीच नवं बसवलेलं. नव्या गवतातून पहिले एक-दोन दिवस हवेबरोबर पाण्याचे बारीक शिंतोडेही येतात, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. आपण ते तोंडावर घेतो आणि सुखावतो. फोनला मात्र ते मानवले नाहीत. एक ॲप उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. कुठल्याशा मावसभावाला लागोपाठ तीन अंगठे गेले. आणि शेवटी, ज्याच्या लग्नपत्रिका मी चार दिवस 'उद्या नक्की देतो' म्हणत टाळत होतो, नेमकी त्यालाच घंटी गेली. तो बिचारा आनंदानं म्हणाला, "झाल्या का छापून?"

आई आतून ओरडली, "काय झालं रे? भूत शिरलं का त्याच्यात?"

मी फोन बनियनला पुसणार, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, थांब! पुसू नकोस." तो पुण्याहून सुट्टीला आलेला, बारावीची परीक्षा आणि नंतरच्या सगळ्या प्रवेश परीक्षा संपवून. आता महिनाभर त्याला कुणी काही विचारणार नव्हतं, आणि असा रिकामा मुलगा घरातल्या प्रत्येक वस्तूला धोका असतो. त्यानं फोनवर वाकून एका थेंबाकडे बोट केलं. थेंब भिंगासारखा फुगला होता आणि त्याच्या पोटात पांढरा पडदा पांढरा उरला नव्हता. लाल, हिरवे, निळे बारीक ठिपके दिसत होते. मी पंचवीस वर्षं डीटीपीचं काम करतोय. पडद्यावरचा पांढरा या तीन रंगांचा बनतो, हे मी गिऱ्हाइकांना शेकडो वेळा समजावून सांगितलंय. डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. तेही कूलरच्या कृपेनं.

फोनला भूत कुठलं लागलं होतं ते भाच्यानं आजीला सांगितलं. काचेखाली विद्युतवाहक पदार्थाची पारदर्शक जाळी असते आणि तिच्यावर थोडा विद्युतभार सतत खेळत असतो. आपण बोट टेकवलं की त्यातला चिमूटभर भार बोटाकडे वळतो, कारण आपण शेवटी खाऱ्या पाण्याच्या पिशव्या. जाळीच्या कुठल्या आडव्या आणि कुठल्या उभ्या रेषेपाशी ही चोरी झाली, तेवढंच फोनला कळतं. बोट कुणाचं, कशाला लावलं, रागानं की मायेनं, काही नाही. पाण्याचे थेंबही तसलीच चोरी करतात, म्हणून फोनला कूलरचे शिंतोडे बोटांसारखे वाटले. बोटानं चालणारा असा पडदा ही काही आजची कल्पना नाही. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी ती १९६५ मध्ये लेख लिहून मांडली होती, विमानांच्या वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या माणसांसाठी. माल्व्हर्नला कूलर नसावेत.

"म्हणजे त्याले फक्त पाणी समजते," आई म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

मग स्वयंपाकघर धोक्यात आलं. भाच्यानं फोन ओट्यावर मांडला आणि एकेक वस्तू हातात धरून काचेला लावून बघायला सुरुवात केली. काकडी चालली. कैरी चालली. स्टीलच्या चमच्याची पाठ चालली. लाटणं नाही चाललं. परवाचा वाळका पाव नाही, पण त्याला पाण्याचा हात लावल्यावर तोही चालला. पुण्यातल्या त्याच्या मित्रांनी व्हिडिओ पाहून विचारलं, 'नागपुरात आहेस ना, मग संत्र्यानं कर की!' बाहेरच्या लोकांना वाटतं, इथं बारा महिने झाडाला संत्री लोंबत असतात आणि आम्ही ती येता-जाता तोडून खातो. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चात. मे महिन्यात नागपूरकर माणूस कैरीचं पन्हं पितो आणि गप बसतो. तर, कैरी. २०१० च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियातले लोक थंडीत हातमोजे न काढता सॉसेजनं फोन चालवतात, अशा बातम्या आल्या होत्या. आमच्याकडे थंडीचा प्रश्न नव्हता, पण त्या परंपरेत कैरीची भर घालायला हरकत नाही.

या सगळ्या खटाटोपात आईचं एक जुनं दुखणं सुटलं. तिचा फोनशी कायम वाद. ती बोट टेकवते तेव्हा नख आधी लागतं, आणि नखाला फोन ओळख देत नाही. नख न लावता टेकवलं, तरी पन्नास वर्षं चुलीपासून गॅसपर्यंत भाजलेली ती बोटं इतकी कोरडी झालीत की उन्हाळ्यात फोन त्यांना निम्म्या वेळा दाद देत नाही. मग ती दाबून धरते, घराची बेल वाजवावी तशी, आणि भलतंच काही उघडतं. मी इतकी वर्षं तिला 'हळू गं, हळू' म्हणत आलो. त्या दिवशी भाच्यानं पावाला पाणी लावलेलं तिनं पाहिलं, आणि तिनं आपलं बोट जिभेला लावलं, वाण्यासमोर नोटा मोजताना लावते तसं, आणि काचेला टेकवलं. फोन उघडला.

"एवढंच होय?" ती म्हणाली. "मग काहून नाही सांगितलं इतक्या दिवस?"

मला खरंच ठाऊक नव्हतं.

पडद्याला आपण कोण दिसतो, हा प्रश्न मला तिथून लागला. आपण पडद्याकडे बघतो याची आपल्याला इतकी सवय झालीय की त्याच्या बाजूनं आपण काय असतो, ते मनातच येत नाही. सांगितल्यासारखं वागलं, वर सरकवलं, खाली सरकवलं, तर ते कळतही नाही. चुकीचं वागावं लागतं. काकडी लावावी लागते.

तसं आमच्या पिढीला हे शिकवायची गरज नसावी. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात आमचं बालपण गेलं, तिथं टीव्ही बघणं हे तीन मजली काम होतं. गच्चीवर काका अँटेनाच्या दांड्याला धरून, जिन्यात मी, खाली टीव्हीसमोर आत्या. "आलं?" मी वरून आलेला प्रश्न खाली पोचवायचा. "आलं!" उत्तर वर पोचवायचं. तेवढ्यात खालून "गेलं गेलं गेलं! होतं तिथंच ठेवा!" काकानं 'होतं तिथंच' आणलं की पुन्हा मुंग्या. एका कार्यक्रमात मी पन्नासदा जिना चढलो असेन आणि कार्यक्रम काय होता ते मला कधीच कळलं नाही. शेजारच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर त्यांनी प्लास्टिकचा रंगीत कागद लावला होता, वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. आभाळ आणि शेत असलं की झकास दिसायचं. बातम्या देणारा माणूस मात्र निळ्या कपाळाचा आणि हिरव्या छातीचा. आम्ही तेही मन लावून बघायचो.

काकांनी पुढं रंगीत टीव्ही घेतला तेव्हा माझ्या हातात एक मोडक्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक होतं. हे दोन योग एकत्र यायला नको होते. दुपारी सगळे झोपलेले असताना मी ते चुंबक पडद्याजवळ नेलं, आणि निवेदिकेचा गाल जांभळा होऊन कानाकडे ओघळला. चुंबक फिरवावं तसा जांभळा, हिरवा, नारिंगी रंग फिरत होता. जुन्या टीव्हीच्या नळीत मागून इलेक्ट्रॉनचा झोत येऊन काचेवर चित्र काढतो, चुंबकानं तो झोत वाकतो, हे नंतर शाळेत कळलं. त्या दुपारी मला एवढंच कळलं की चित्र म्हणजे ओली वस्तू आहे आणि ती बोटानं फासता येते. चुंबक काढल्यावर डाग मात्र गेला नाही. रंगीत नळीत काचेमागं भोकांची धातूची जाळी असते, ती भारली जाते आणि भारलेलीच राहते. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी डाग उजव्या कोपऱ्यात तसाच, आणि माझ्या गालावर काकांची पाच बोटं. इतवारीतून मेकॅनिक आला, त्यानं एक मोठी गोल कॉइल पडद्यासमोर आरती ओवाळावी तशी फिरवत फिरवत मागं नेली, आणि डाग गेला. वीस रुपये.

खूप वर्षांनी कळलं की न्यूयॉर्कमध्ये नाम जून पाइक नावाच्या कोरियन कलावंतानं १९६५ मध्ये टीव्हीच्या डोक्यावर एक भलंमोठं चुंबक ठेवलं आणि चित्राच्या वेलबुट्ट्या केल्या. 'मॅग्नेट टीव्ही'. ती आता तिथल्या व्हिटनी संग्रहालयात आहे. मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "त्याचा टीव्ही त्याचा स्वतःचा होता." यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. (पाइकचा टीव्ही काळा-पांढरा होता, म्हणजे चुंबक काढल्यावर चित्र सरळ झालं असतं. हेही काकांच्याच बाजूनं जातं.)

भाच्याला या गोष्टी सांगत असताना त्याला माळ्यावर आमची जुनी बंदूक सापडली. सीताबर्डीवरून आणलेला व्हिडिओ गेम, त्याच्याबरोबरची वायरवाली प्लास्टिकची बंदूक, बदकं मारायची. मूळ खेळ निन्टेन्डोचा 'डक हंट', १९८४ चा, आमच्याकडची नक्कल. आम्हाला वाटायचं, बंदुकीतून काहीतरी निघतं आणि टीव्हीला लागतं. निघत काहीच नव्हतं. बंदुकीच्या नळीत डोळा होता. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीला काळ्यानंतर पांढरं दिसलं तर बदक मेलं. बंदूक मारत नव्हती, बघत होती. १९६३ मध्ये एमआयटीत इव्हान सदरलँडनं 'स्केचपॅड' केलं, पडद्यावर पेननं रेघा काढायचा पहिला मोठा प्रयोग, त्यातलं पेनही असंच: ते लिहीत नव्हतं, पडद्यावरचा प्रकाश आपल्यासमोर कधी आला ते बघत होतं.

आम्ही बंदूक नव्या एलईडी टीव्हीला जोडली. बदकं आली, पंख फडफडले, भाच्यानं नेम धरला. एकही पडलं नाही. नळी पडद्याला टेकवून चाप ओढला, तरी नाही. जुन्या नळीच्या टीव्हीत चित्र आलं तसं काचेवर उमटायचं. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी पचवतो, आवरतो-सावरतो, मग दाखवतो. त्यात सेकंदाचे काही शतांश जातात. बंदूक डोळा उघडते, पांढरं दिसत नाही, डोळा मिटते, आणि मग टीव्ही चौकोन दाखवतो. ऑफिसात अर्ज घेऊन जावं आणि खिडकी बंद झाल्यावर साहेबांनी सही करावी, तसलं काहीतरी.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं.

१९९९ मध्ये कॅमिल अटरबॅक आणि रोमी अकिटुव्ह या दोघांनी 'टेक्स्ट रेन' नावाचं मांडणशिल्प केलं. समोर मोठा पडदा, त्यात आरशासारखे आपण, आणि वरून अक्षरांचा पाऊस. एका कवितेच्या ओळींतली अक्षरं सुटी होऊन खाली येतात, आणि तुमच्या डोक्यावर, खांद्यावर, पसरलेल्या हातावर बसतात. हात उचलला की अक्षरं उचलली जातात. दोन माणसांनी मध्ये कापड ताणून धरलं तर त्यावर आख्खी ओळ गोळा होते आणि वाचता येते. युक्ती सोपी: मागची भिंत उजळ, अक्षर खाली येत राहतं आणि ठरावीक मर्यादेपेक्षा काळं काही लागलं की थांबतं. भाच्यानं याचा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, "मामा, हे मराठीत करू."

दुकानातला जुना डेस्कटॉप घरी आणला, वेबकॅम लावला, हॉलमधला टीव्ही जोडला. मजकूर हवा होता. माझ्या मशीनवर मजकूर एकाच प्रकारचा: 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. तोच दिला. संध्याकाळी ट्यूबलाइट लावून कार्यक्रम सुरू केला, आणि पाऊस पडला.

काय सांगू! काने पडले. मात्रा पडल्या. वेलांट्या पडल्या, प्रत्येकीबरोबर टिंबांचं एक वर्तुळ, जणू हरवलेल्या पोरांच्या गळ्यात पाट्या. 'चिरंजीव' मधून च वेगळा, वेलांटी वेगळी, र, मग एकटा अनुस्वार, तोही वर्तुळावर बसलेला. 'कृपे' मधला ऋकार असा काही लोंबत आला की मला दवाखान्यात न्यावासा वाटला. 'श्री' चे चार तुकडे झाले आणि त्यातला एक नुसता मोडका पाय.

आई म्हणाली, "हे फुगे कायचे होत?"

भाच्याच्या कोडनं ओळ एकेका चिन्हावर तोडली होती, आणि अक्षराविना एकट्या पडलेल्या खुणेला संगणक टेकायला ते टिंबांचं वर्तुळ देतो. इंग्रजीत असं तोडलेलं चालतं. तिथं अक्षर म्हणजे अक्षर. आपल्याकडे युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांसाठी जगभर ठरलेल्या पद्धतीच्या हिशेबात 'कि' ही दोन चिन्हं, आधी क, मग वेलांटी, कारण संगणकानं उच्चाराचा क्रम धरलाय. मी शिकलो रेमिंग्टन कीबोर्डवर. त्यात वेलांटी आधी दाबायची, मग अक्षर, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. लिहिताना हातही वेलांटीपासूनच सुरू करतो, तोंड मात्र क पासून. नव्या कीबोर्डवर आल्यावर मी सहा महिने प्रत्येक 'कि' उलटी टाइप केली आणि एका पत्रिकेवर वराचं नावच फिरवलं, ती हकीकत इथं नको. पण हॉलमधल्या टीव्हीवर त्या पोरक्या वेलांट्या खाली येताना पाहून मला पहिल्यांदा तो क्रम दिसला. सहा महिने ज्याच्याशी भांडलो ते आता माझ्या खांद्यावर येऊन बसलं होतं.

भाच्यानं दोन दिवस खपून दुरुस्ती केली. वाचणाऱ्याच्या नजरेला जे एक अक्षर वाटतं ते अखंड ठेवायचे नियम युनिकोडमध्ये आहेत. काना-मात्रा त्यांनी लगेच जागेवर आल्या, पण जोडाक्षरं अडली: 'क्ष' चा 'क्' एकीकडे, 'ष' दुसरीकडे. देवनागरी जोडाक्षरं सलग धरायचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, आणि माझ्या दुकानातल्या मशीनवर २०२३ अजून उजाडलेलं नाही. मग त्यानं हातानंच लिहिलं: पाय मोडलेलं अक्षर दिसलं की पुढच्याचा हात सोडायचा नाही.

तिसऱ्या दिवशी अखंड पाऊस पडला. पहिली सर भिंतीवरच्या कालनिर्णयवर बसली, वरच्या कडेला ओळीनं, चिमण्या बसाव्यात तशी. कालनिर्णय उतरवलं. मग स्विचबोर्डवर. त्याला पांढरा कागद चिकटवला. मग भाचा काळ्या टी-शर्टात उभा राहिला आणि त्याच्या खांद्यावर 'प्री', 'र्थ', 'ना', 'वि' साचायला लागली. मी उभा राहिलो. माझ्या डोक्यावर काही थांबेना. अक्षरं टकलावरून कपाळात घसरून भुवयांवर अडकायची. भाचा हसून हसून खाली बसला.

मग आई. ती घरात सुती पांढरं लुगडं नेसते, बारीक किनारीचं. ती पडद्यासमोर आली, डोक्यावर पदर घेतला, हात पुढं केला, आणि सगळी पत्रिका तिच्यातून आरपार गेली. डोकं, खांदे, हात, कुठंच काही थांबलं नाही. पांढऱ्या भिंतीपुढं पांढरं लुगडं; मशीनच्या लेखी तिथं कुणी नव्हतंच. ती हात हलवत राहिली. "माह्यावर काहून नाही बसत?"

फोनला तिची बोटं कोरडी, याला तिचं लुगडं पांढरं. भाच्याचा चेहरा उतरला. तो मर्यादा कमी-जास्त करायला लागला, तर अक्षरं भिंतीवरच्या ओलीच्या डागांवर बसायला लागली. मी म्हटलं, माझं काळं जाकीट आण. आई म्हणाली, या उकाड्यात? आणि ती दारामागे गेली. उन्हात जाताना नेते ती काळी छत्री घेऊन आली, हॉलच्या मधोमध उघडली ("घरात छत्री उघडू नये" हे मला लहानपणी तिनंच सांगितलेलं), आणि डोक्यावर धरली.

पाऊस छत्रीवर बसला. घुमटावर अक्षरं यायची, उतारावरून ओघळायची, काठाशी जाऊन टपकायची, अगदी खऱ्या पावसासारखी. तिनं छत्री गोल फिरवली. मग थोडा विचार केला आणि उलटी केली, दांडा वर, छत्री परडीसारखी खाली. कॅमेऱ्याला आता दिसत होता एक काळा वाडगा, वरून सपाट. अक्षरं येऊन त्या काठावर एका ओळीत बसत गेली. मी टायपाचा माणूस. मला जाणवलं की देवनागरी रेघेला लोंबते, आणि ही इथं पहिल्यांदा रेघेवर बसली होती. ओळ वाचायचा प्रयत्न केला. 'स्ने भो हा ज र न ले'. आई ओठ हलवत वाचत होती. "भोजन आहे याच्यात," ती म्हणाली. "थांब, 'ला' येऊ दे."

'ला' डाव्या कोपऱ्यातून उतरायला लागला होता, आणि लाइन गेली.

टीव्ही गेला, डेस्कटॉप गेला, कूलर घरघरत थांबला. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली. मोहल्ल्यात एकदम शांतता झाली आणि मग सगळ्या घरांतून एकच 'अरेऽऽ' उठलं. मी मेणबत्ती शोधायला उठलो, तर अंधारात माझा हात छत्रीच्या काठाला लागला. आई अजून तशीच उभी होती, दोन्ही हातांनी दांडा धरून.

"धक्का नको मारू," ती म्हणाली. "सांडतील."